गॅरेजमधले बत्तीस जण

आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले, त्या आठवड्यातली ही गोष्ट. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, पुढे संघटनांशी वाटाघाटी झाल्या आणि मग कुठे ते यंत्र आमच्या दारात उतरले. सगळे त्याला 'एएलपीएम' म्हणत. प्रशिक्षणाला गेलेला मी एकटा, त्यामुळे यंत्रावर अंमलही माझाच. बचत खात्याच्या काउंटरवर नुकताच लागलेला एक मुलगा रोज कामकाज आटोपल्यावर माझ्या मागे येऊन उभा राहायचा. 'साहेब, हे बटण दाबलं तर काय होतं? साहेब, सहामाही व्याजाचे प्रॉडक्ट हे स्वतःच काढतं का?' चौथ्या दिवशी मी वैतागलो. 'आधी तुझं डे-बुक जुळव,' असे म्हणालो, आणि वर 'नव्याचे नऊ दिवस' हेही सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो. लोक हसले. तो पुन्हा आला नाही. मला तेव्हा बरेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

निवृत्तीनंतर मला संगणकाचा इतिहास वाचण्याचा नाद लागला आणि वाचता वाचता एका गॅरेजपाशी मी थबकलो. कॅलिफोर्नियातले मेन्लो पार्क, तारीख ५ मार्च १९७५. गॉर्डन फ्रेंच आणि फ्रेड मूर या दोघांनी पत्रके लावून, घरच्या घरी संगणक बांधू पाहणाऱ्यांना फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये बोलावले होते. बत्तीस जण आले. त्या वर्षाच्या जानेवारीत 'अल्टेअर ८८००' या संगणकाची जाहिरात झाली होती. सुटे भाग घेऊन आपणच जोडायचे. किंमत चारशे डॉलरच्या आत. त्याला ना पडदा ना कळफलक, नुसत्या खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. या मंडळींना तेवढेही पुष्कळ होते. पुढे या मंडळाचे नाव 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' पडले. होमब्रू म्हणजे घरी गाळलेली दारू. नाव ठेवणारे मोकळ्या मनाचे असावेत!

त्या बत्तीस जणांत चोवीस वर्षांचा एक बुजरा तरुण होता. तो नोकरीत कॅल्क्युलेटरची रचना करी. मित्राच्या सांगण्यावरून आला होता आणि इथे दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडायच्या टर्मिनलची चर्चा आहे, अशी त्याची समजूत होती. इथे तर सगळे मायक्रोप्रोसेसरबद्दल बोलत होते. त्याला त्यातले काही कळेना, आपण चुकीच्या जागी आलो असे वाटू लागले. पण त्याला कोणी हटकले नाही. निघताना एका मायक्रोप्रोसेसरचा माहितीचा कागद त्याच्या हाती आला. रात्री घरी तो वाचताना त्याच्या ध्यानात आले, की शाळेच्या दिवसांपासून आपण कागदावर जे संगणक आखत आलो, त्यांच्याच जातीचे हे आहे! हा तरुण म्हणजे स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक. अ‍ॅपलच्या पहिल्या संगणकाची कल्पना त्याच रात्री सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. तयार झालेल्या संगणकाचे आराखडे तो क्लबात मागेल त्याला फुकट वाटत असे.

गर्दी वाढली तशा सभा स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रातल्या सभागृहात भरू लागल्या. सूत्रसंचालन ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे. त्यांच्या पद्धतीत सभेचे दोन भाग असत. पहिला 'मॅपिंग', म्हणजे नकाशा काढणे. ज्याने त्याने हात वर करावा आणि मी काय करतो आहे, माझे काय अडले आहे, मला काय हवे आहे, एवढेच थोडक्यात सांगावे. दुसरा 'रँडम अ‍ॅक्सेस'. ज्याचे ज्याच्याशी काम, त्याने त्याला सभागृहात गाठावे. आपल्याकडे आधी प्रास्ताविक, मग हारतुरे, आणि नवा माणूस सतरंजीच्या कडेला. तिथे मात्र काल आलेल्याच्या 'मला हे येत नाही' या वाक्याला कार्यक्रमपत्रिकेतच जागा होती. हे सौजन्यावर सोडलेले नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सौजन्य माणसाच्या त्या दिवशीच्या मूडवर असते. माझा मूड त्या चौथ्या दिवशी कसा होता ते वर सांगितलेच आहे.

या मोकळेपणाची किंमतही पडली. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलेल्या बेसिकच्या कागदी फितीच्या प्रती क्लबात सर्रास वाटल्या गेल्या. एक न्यावी आणि दोन करून आणाव्यात, असा तिथला प्रेमळ दंडक! फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी संतापून छांदिष्टांना उघड पत्र लिहिले. आयुष्य बँकेत गेल्यामुळे ज्याचे पैसे बुडाले त्याच्याकडे माझे मन आधी वळते, तेव्हा त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

तो क्लब १९८६ पर्यंत चालला. आमचे यंत्र एवढे टिकले नाही. त्या मुलाची तर त्याआधीच दुसऱ्या शाखेत बदली झाली होती. निरोप समारंभात मीच चार शब्द बोललो आणि त्याच्या उत्साहाची स्तुतीही केली. व्याजाच्या त्या प्रॉडक्टचे त्याला नेमके काय करून पाहायचे होते, ते मात्र तेव्हाही विचारायचे राहून गेले.