बत्तीर: आठ घराण्यांच्या पाळीवर पिकणारं गाव

पाण्याच्या हिशेबात बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा. गावात मुख्य घराणी आठ. झऱ्याचं पाणी रोज एका घराण्याला मिळतं, आणि पाळी फिरून येते ती नवव्या दिवशी.

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, बेथलेहेमजवळच्या डोंगरउतारावर वसलेलं हे पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचं गाव. झऱ्याचं पाणी रोमनकालीन दगडी हौदात साठतं. हौदात खुणांची काठी उभी धरतात. पाणी ठरल्या खुणेपर्यंत उतरलं, की एका कुटुंबाचा वाटा संपला. मग पाट पुढच्याच्या वाफ्याकडे वळतो. मोटार नाही, मीटर नाही, तरी वाटा चोख.

उतारावरची शेती पायऱ्यापायऱ्यांची आहे: खालच्या ओलिताच्या पायऱ्यांवर भाजीपाला, वरच्या कोरडवाहू पायऱ्यांवर ऑलिव्ह आणि द्राक्षवेली. इथलं लांबट बत्तीरी वांगं नावाजलेलं. भात-खिम्याचं सारण भरून ते शिजवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हच्या तोडणीला घरची लहानथोर सगळी माणसं शेतावर असतात.

1892 साली याफा-जेरुसलेम रेल्वे गावाखालच्या दरीतून धावू लागली आणि बत्तीरची भाजी जेरुसलेमच्या बाजारात जाऊ लागली. 1948 च्या अरब-इस्रायल युद्धात बहुतेक गाव परागंदा झालं. गावातले हसन मुस्तफा मोजक्या सोबत्यांसह मागे राहिले. रिकाम्या घरांत ते दिवे लावत, दोऱ्यांवर कपडे वाळत घालत. समोरच्या इस्रायली सैन्याला गाव भरलेलं वाटावं म्हणून. पुढे 1949 ची युद्धविराम रेषा रुळांलगत आखली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी रेल्वेला धक्का न लावण्याची हमी दिली आणि पलीकडची शेती कसण्याचा हक्क राखला. या धैर्याला माझ्या लेखी तोड नाही.

2014 मध्ये युनेस्कोने या पायऱ्यांच्या शेतीला जागतिक वारसा ठरवलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं, कारण इस्रायलची विभाजक भिंत दरीतून जाणार होती. गावकरी न्यायालयात गेले. 2015 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात भिंतीचं काम अडलं. पण ऑगस्ट 2024 मध्ये याच परिसरात नहाल हेलेत्स ही नवी इस्रायली वसाहत उभारण्याचं जाहीर झालं.

बत्तीरच्या पायऱ्यांचे बांध चुन्यामातीशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून रचलेले आहेत. हिवाळी पावसात कुठे ना कुठे ते ढासळतात आणि दरवर्षी हातांनीच सावरावे लागतात. त्यासाठी शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत निर्धास्त जाता आलं पाहिजे. बत्तीरकरांचं मागणं तेवढंच आहे.