जिताड्याला तेल कुठलं लागतं?

अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यात जिताडा पाळायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात भरतीबरोबर खाडीतून आत शिरलेली पिल्लं धरायची, गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडायची आणि चिल्लर मासळी घालून पोसायची. शहापूर-धेरंडच्या तळ्यांची त्यासाठी ख्याती आहे. रोहू-कटला मात्र भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी कालवून दिली तरी वाढतात. जिताडा त्यावर का पोसत नाही?

तो मांसाहारी, त्याला प्रथिनं जास्त लागतात, हे खरंच. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. पेशींची आवरणं, मेंदू आणि डोळे घडायला माशाला ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं लागतात. जमिनीवरच्या तेलबियांत ती नसतातच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असतं, पण त्याची साखळी अठरा कार्बनांची, म्हणजे आखूड. रोहूच्या शरीरातली विकरं ती लांबवू शकतात. शिवाय तळ्यातलं शेवाळ आणि प्लवंग त्याच्या मदतीला असतातच. जन्मानं खाडीच्या तोंडाशी असलेल्या जिताड्याला आयती मेदाम्लं मिळत आली, म्हणून त्याची ही यंत्रणा तोकडी आहे. नुसत्या वनस्पती तेलावर ठेवला तर वाढ खुंटते.

म्हणूनच जिताड्याच्या तळ्यातली तिलापी मला मोलाची वाटते. ती शेवाळ खाते, त्यातून थोडं डीएचए स्वतः घडवते आणि जिताड्याच्या तोंडी जाते. कोलीम ही बारीक कोळंबीही त्याला ही मेदाम्लं पुरवते.

खाद्यात तेल घातलं की प्रथिनंही वाचतात. एका ग्रॅम मेदात सुमारे ९ किलोकॅलरी, प्रथिनात ४. मासा ऊर्जेसाठी मेद जाळतो आणि महागडी प्रथिनं मांस घडवायला उरतात. पण हात सैल सोडला तर यकृतावर आणि पोटात चरबी साठते, मासा खाणंही कमी करतो.

आणि रोहू-कटल्याला घालायच्या कोंड्याकडेही लक्ष हवं. गिरणीतून निघाल्याक्षणापासून त्यातलं लायपेज हे विकर तेल फोडू लागतं. कोकणच्या दमट हवेत पोतं लवकर खवट होतं. असा कोंडा माशाचं ई जीवनसत्त्व खर्ची घालतो. वास घेऊन पाहावा, खवट वाटला तर तळ्यात टाकू नये.

माशाच्या मांसातला मेद खाद्यातल्या मेदासारखाच होतो. सोयाबीन तेलाच्या गोळीखाद्यावर वाढलेल्या जिताड्यात ओमेगा-३ घटतं. विक्रीआधीचे काही आठवडे खाद्यात माशाचं तेल परत आणलं, तर ते बरंचसं भरून येतं.