उताऱ्यावरची दुरुस्ती

सातबाऱ्याचे मूळ दफ्तर सरकारकडे असते. आपल्या हाती येतो तो उतारा, आणि बँकेपासून कचेरीपर्यंत कामे चालतात ती उताऱ्यावर. पेशीचा कारभारही असाच. डीएनएचे दफ्तर केंद्रकात बंद. त्याचा उतारा म्हणजे आरएनए. तो बाहेर येतो, त्याबरहुकूम प्रथिन बनते आणि काही वेळाने तो मोडीत निघतो.

जनुकसंपादनाच्या क्रिस्पर तंत्राची प्रसिद्ध कात्री, कॅस-९, थेट दफ्तरावर चालते. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये फेंग झांग यांच्या गटाने २०१७ साली मांडलेले ‘रिपेअर’ हे तंत्र मात्र उताऱ्याला हात घालते.

त्याचे भाग तीन. पहिला कॅस-१३बी, जिवाणूंमधले आरएनए कापणारे प्रथिन. त्याची धार मुद्दाम बोथट केली आहे. ते आता फक्त नेमल्या जागी जाऊन बसते. दुसरा, ती जागा शोधून देणारा मार्गदर्शक आरएनए. उताऱ्यातल्या बदलायच्या ‘ए’ अक्षरासमोर त्यात न जुळणारे ‘सी’ ठेवतात. ही विजोड जोडी हीच खूण. तिसरा, एडार-२ या मानवी विकराचा तुकडा. तो त्या ‘ए’चे इनोसिन करतो आणि प्रथिने घडवणारी यंत्रणा इनोसिनला ‘जी’ समजून वाचते. हे काम विकराला नवे नाही. आपल्या पेशींत ते चालूच असते. माकूळ तर मज्जासंस्थेतले उतारे सर्रास असे बदलतो.

पहिल्या आवृत्तीने भलत्या ठिकाणी १८,३८५ बदल केले. विकरात फेरफार केल्यावर दुसऱ्या आवृत्तीत ते २० वर आले. २०१९ साली आलेल्या ‘रेस्क्यू’ या पुढच्या तंत्राने ‘सी’चे ‘यू’ करण्याचीही सोय केली.

माणसावरचे पहिले यश मात्र कॅसविना मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेव्ह लाइफ सायन्सेस कंपनीने अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या कमतरतेच्या दोन रुग्णांचे निकाल जाहीर केले. या आजारात ‘जी’च्या जागी ‘ए’ पडल्याने यकृतात हे प्रथिन वेडेवाकडे घडते, तिथेच साचते आणि फुप्फुसे त्याच्या संरक्षणाविना उघडी पडतात. कृत्रिम आरएनएच्या छोट्या धाग्याने रुग्णाच्याच एडारला कामाला लावले, आणि निरोगी प्रथिन रक्तात दिसू लागले.

दफ्तरातली चूक तशीच राहते, म्हणून डोस पुन्हा घ्यावा लागतो. पण दुरुस्ती चुकली, तर तीही उताऱ्याबरोबर नाहीशी होते. जन्मभराचा दोष एकदाच मिटवायचा तर दफ्तरच गाठावे. सूज किंवा वेदनेसारख्या येत्याजात्या दुखण्याला उतारा पुरेसा आहे.