आखाजीला आलेले आजोबा

खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा, झोक्यांचा सण. जैन घरांत त्याच अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. पारोळ्यातील विखुरलेली कुटुंबे या सुमारास एकत्र जमतात. दुकान थोरल्याकडे सोपवून शहरात धाकट्याकडे राहणारे आजोबाही येतात. सामायिकाची ४८ मिनिटे वगळता दिवस मोकळाच. उन्हे कलताच नातवंडांना ते १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदरांनी बांधलेला किल्ला दाखवतात. परतायचे मात्र चौविहाराआधी.

अवघड असते ते दुकानासमोरून जाणे. हिशेब आता संगणकावर. विचारावेसे वाटते, पण ते विचारत नाहीत. हे मौन सोपे नव्हे. मग एखाद्या दुपारी थोरलाच हाक मारून गादीवर बसवतो, जुन्या उधारीतले एक नाव पुढे ठेवतो. त्या घराला सवलत का दिली होती, हे आजोबांखेरीज कोणालाच ठाऊक नसते.