एचआयव्ही चाचणी: अमेरिकेतील लॅटिनो तरुण मागे का राहतात?

एचआयव्हीची चाचणी अवघड नाही. बोटातून थेंबभर रक्त घेतले की अर्ध्या तासात प्राथमिक निकाल कळतो. अवघड असते ते चाचणीपर्यंत पोहोचणे. संसर्ग झाल्यावर अनेक वर्षे काहीच लक्षणे नसू शकतात. त्यामुळे 'मला काही होत नाही, म्हणजे मी ठीक आहे' हा अंदाज इथे चालत नाही. अमेरिकेतील हिस्पॅनिक आणि लॅटिनो तरुणांच्या उदाहरणातून हे नीट समजते.

प्रश्न किती मोठा आहे?

अमेरिकेच्या लोकसंख्येत हा समाज साधारण १९ टक्के आहे. पण २०२२ मध्ये देशातील नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी अंदाजे एक तृतीयांश संसर्ग या समाजात झाले. त्यातील बहुतांश पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये होते. याचे कारण वंश किंवा रक्त नव्हे. माहिती, विमा आणि विश्वासाचा डॉक्टर यांपैकी काही ना काही कमी पडते, हे खरे कारण आहे.

त्यात वयाची भर पडते. आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत नसण्याचे प्रमाण १३ ते २४ या वयोगटात सर्वांत जास्त आहे.

चाचणी का टळते?

- घरी कळेल ही भीती. तरुणाचे नाव आईवडिलांच्या विम्यात असेल, तर तपासणीचा तपशील असलेले पत्रक घरच्या पत्त्यावर येऊ शकते. समलैंगिकतेबद्दल घरात बोलता येत नसेल, तर एवढ्या एका कारणाने मुलगा दवाखान्याची पायरी चढत नाही.
- कागदपत्रांची भीती. नाव नोंदवले तर आपल्यावर किंवा घरच्यांवर देश सोडायची वेळ येईल, असे वाटते. या भीतीला इतिहास आहे. एचआयव्हीबाधित परदेशी व्यक्तींवर अमेरिकेत प्रवेशबंदी होती. ती जानेवारी २०१० मध्ये उठली, पण मनातली धास्ती राहिली.
- भाषा. स्पॅनिशमध्ये एचआयव्हीला 'व्हीआयएच' म्हणतात. इंग्रजी फलक वाचता आला, तरी लैंगिक आयुष्याबद्दलचे प्रश्न परक्या भाषेत विचारणे कठीण जाते. घरातलाच कोणी दुभाषा असेल, तर आणखी कठीण.

मग कशाने फरक पडतो?

पहिला उपाय म्हणजे चाचणी सर्वांसाठी नेहमीची करणे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २००६ पासून १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाची किमान एकदा चाचणी व्हावी असे सुचवले आहे. जास्त धोका असलेल्यांनी ती दरवर्षी करावी. डॉक्टरांनी सर्वांनाच विचारले, तर 'मलाच का?' हा प्रश्न उरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे आपली माणसे. 'प्रोमोतोरेस' हे त्याच वस्तीतले, तीच भाषा बोलणारे आरोग्य कार्यकर्ते असतात. ते फिरत्या गाड्या, चर्च, क्लब, कॉलेज अशा ठिकाणी चाचणी नेतात. १५ ऑक्टोबरला लॅटिनो समाजासाठी खास एड्स जागृती दिनही पाळला जातो.

तिसरा उपाय घरच्या घरी चाचणी. हिरडीवरून पट्टी फिरवून करायच्या किटला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. हा निकाल पॉझिटिव्ह आला, तर प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावीच लागते.

चाचणी कधी करावी?

संबंध आल्यावर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी त्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. शिरेतील रक्ताच्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत संसर्ग १८ ते ४५ दिवसांत कळतो. घरच्या किटला २३ ते ९० दिवस लागू शकतात. मात्र धोका नुकताच झाला असेल, तर थांबू नका. ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात.

निकालानंतर काय?

निकाल निगेटिव्ह असेल आणि धोका कायम असेल, तर संसर्ग टाळणारे 'प्रेप' हे औषध घेता येते. पॉझिटिव्ह असेल तर उपचार लगेच सुरू होतात. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. म्हणूनच भीतीपोटी निकाल न कळणे, हेच जास्त धोक्याचे आहे.

आपल्यासाठी

अमेरिकेतील मराठी घरांतही मुले पालकांच्याच विम्यावर असतात आणि हा विषय जेवणाच्या टेबलावर निघत नाही. तुमचे मूल तिथे शिकत असेल, तर 'तपासणी केलीस तर मी रागावणार नाही' एवढे वाक्य आधीच बोलून ठेवा.

महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळते. निकाल गोपनीय ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी मात्र पालकांची संमती लागते. म्हणजे आपल्याकडे मुलाच्या चाचणीची वाट थेट आईवडिलांकडूनच जाते. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.