दर्यावरचा पब, दारूबंदीचे गाव

परवापरवापर्यंत आमच्या ताईच्या लेखी तिचा मुलगा ‘जहाजावरच्या हॉटेलात’ कामाला होता. गावात कोणी विचारले तर ती एवढेच सांगे, आणि ऐकणाऱ्यालाही त्यापुढे काय विचारावे ते सुचत नसे. आरमोरी तालुक्यातले, वैनगंगेच्या काठचे हे गाव. इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. कोकणातल्या घरांना बोट नवी नाही. रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे आचारी-वाढपी पिढ्यान्‌पिढ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर राबत आले. आमच्याकडे मात्र पाण्यावर चालणारी वस्तू म्हणजे ढिवरांचा डोंगा. तेव्हा नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकून आमचा भाचा वडसा स्टेशनवरून जो निघाला तो थेट इंग्लंडच्या प्रवासी जहाजावर जाऊन पोचला, याचेच गावाला केवढे तरी अप्रूप होते.

गेल्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला. सात-आठ महिने जहाजावर, मग दोनेक महिने घरी, असा त्याचा करार. मीही गडचिरोलीहून गेलो होतो. अंगणात मोहफुले वाळत घातली होती आणि त्या गोडसर वासात आम्ही बाजा टाकून बसलो होतो. भाच्याने मोबाईलवर जहाजाचे फोटो दाखवायला सुरुवात केली. एका फोटोत लाकडी भिंती, पितळेचे कठडे, मागे ओळीने लावलेल्या बाटल्या आणि वर सोनेरी अक्षरांची पाटी. त्याच्या धाकट्या बहिणीने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, “म्हणजे तू पबात काम करते?”

पब हा शब्द आता सिनेमा-टीव्हीमुळे खेड्यातही कळतो. ताई फोटोकडे पाहत राहिली. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले, म्हणून सावरायला गेलो. म्हटले, “अगं, ते ‘पब्लिक हाउस’चं लहान रूप आहे. पब्लिक हाउस म्हणजे लोकांचं घर.”

ताई म्हणाली, “घर म्हणतोस, अन्‌ मंग बाटल्या कायच्या?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ताई उठून आत गेली.

तिच्या उठून जाण्याचा अर्थ आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला १९८२ साली आणि इथे दारूबंदी आली १९९३ साली. ती काही वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या बायकांनी ठराव केले, मोर्चे काढले, मडकी फोडली, तेव्हा कुठे ती आली. त्या बायकांत आमची ताई होती. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी झाली आणि २०२१ साली उठली. आमच्याकडे ती अजून आहे. पण कायदा आला म्हणून दारू संपली असे नाही. चोरवाटांनी ती येत राहिली, आणि बंदीनंतर काही वर्षांनी आमचे भाऊजी त्याच दारूपायी गेले. मुलगा तेव्हा दुसरीत होता. ज्या बाईने इतरांच्या भट्ट्या बंद करायला रात्री जागवल्या, तिचा मुलगा साता समुद्रांपलीकडे जाऊन भट्टीवरच कामाला लागला, असा त्या फोटोचा तिच्यापुरता अर्थ होता.

रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. नंतर भाचा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “मामाजी, मी गिलास भरतच नाही. मी मागच्या सैपाकघरात असतो.” आणि मग तो त्या सैपाकघराबद्दल बोलत राहिला. मी आजवर इंग्रजी कवितांमधून इंग्लंड शिकवले, पण इंग्रज माणूस रोज दुपारी काय खातो हे मला त्या रात्री प्रथम नीट कळले.

तिथे जाळ नसतो. आगीच्या भीतीने सगळ्या शेगड्या विजेच्या. जहाज हलले तर भांडी घसरू नयेत म्हणून शेगड्यांना कडेने लोखंडी कठडे. माशाचे जाड तुकडे पिठात बुडवून तळायचे, सोबत बटाट्याचे जाड काप आणि घोटलेले वाटाणे. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेली ‘कॉटेज पाय’. उकडलेल्या अंड्याला खिम्याचे आवरण देऊन तळलेले ‘स्कॉच एग’, म्हणजे आपल्या नर्गिसी कोफ्त्याचा चुलतभाऊच. रविवारी भाजलेले मांस आणि यॉर्कशायर पुडिंग. यातले काही पदार्थ तो शिजवतो, पण खात नाही. कामाचे तास लांबलचक. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा नियम आहे. त्यावरून उरलेल्या तासांचा अंदाज वाचकांनीच करावा.

मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पाच-पाच, सात-सात भोजनगृहे असलेल्या जहाजावर, जिथे फ्रेंच, इटालियन, जपानी असे काय हवे ते मिळते, तिथे लोक मुद्दाम गल्लीतल्या गुत्त्यातले जेवण का मागतात? पण मागतात खरे. पी अँड ओ ही कंपनी १८३७ सालची. मुंबईची टपाल आणि साहेबलोक तिच्याच बोटींतून ये-जा करीत. तिच्या आजच्या काही जहाजांवर संस्थापकांपैकी एक ब्रॉडी विलकॉक्स यांच्या नावाचा पब आहे. कुनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ पासून अटलांटिक ओलांडते आहे. त्यावर ‘गोल्डन लायन’ नावाचा पब आहे आणि दुपारी तिथे हेच मासे-बटाटे आणि हीच पाय मिळते. घरापासून हजारो मैल दूर गेलेल्या माणसाला घराच्या कोपऱ्यावरचे काहीतरी लागते, हे त्या कंपन्यांनी बरोबर हेरले आहे.

गंमत अशी की हे ‘परंपरागत’ जेवण वाटते तितके जुने नाही आणि वाटते तितके इंग्रजही नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पिठात घोळून तळलेला मासा इंग्लंडात नेला तो स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेल्या ज्यूंनी. या दोघांची गाठ पडून दुकाने निघाली ती १८६० च्या आसपास. गिरण्यांतल्या आणि गोद्यांतल्या कामगारांना स्वस्त आणि गरम जेवण मिळाले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात बहुतेक खाण्यापिण्याला रेशनकार्ड लागले, पण मासे-बटाट्यांना लागले नाही. आणखी एक पदार्थ आहे, ‘प्लाउमन्स लंच’. शब्दशः नांगऱ्याची न्याहारी. पाव, चीज, कांद्याचे लोणचे. शेतकरी शेतात पाव-चीज खातच असणार, जशी आपल्याकडे भाकर आणि कांदा. पण या नावाने ती थाळी देशभर पसरली ती १९५०-६० च्या दशकांत, चीज खपावे म्हणून केलेल्या जाहिरातींमुळे. तिच्या कडेला जे गोडसर तपकिरी लोणचे वाढतात, त्यातले प्रसिद्ध ब्रॅन्स्टन लोणचे १९२२ साली निघाले. आणि त्या जातीच्या पदार्थाला इंग्रज ज्या नावाने हाक मारतो तो शब्द आपला आहे, चटणी.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. जुन्या पबात जेवण असे फारसे नसेच. पेल्यासोबत पाव-चीज, मुरवलेले अंडे, एवढ्यावर भागे. म्हणजे आपल्या भाषेत चखणा. १९६७ साली इंग्लंडात गाडी चालवणाऱ्याच्या श्वासाची तपासणी करणारा कायदा आला आणि पिऊन गाडीवर बसणे महागात पडू लागले. गावाबाहेरच्या पबांना गिऱ्हाईक टिकवायचे तर ताट वाढणे भाग पडले. १९९१ साली लंडनच्या क्लर्कनवेल भागात ‘द ईगल’ नावाचा पब चांगल्या जेवणासाठीच नावाजला गेला आणि तशा पबांची लाट आली. २००७ साली इंग्लंडातल्या पबांत सिगारेट ओढायला बंदी झाली, तेव्हा बायकापोरांना घेऊन जेवायला येणारे आणखी वाढले. थोडक्यात, पेला जसा मागे सरकला तसे ताट पुढे आले. आज ज्याला पबचे जेवण म्हणून जहाजावर मिरवतात, त्याचा बराचसा भाग दारू आवरल्यामुळे वाढलेला आहे.

हे मी सकाळी ताईला माझ्या परीने सांगितले. तिने ऐकून घेतले, चुलीतले लाकूड मागे ओढले आणि म्हणाली, “मले बाकी नको सांगू. तो तिथं काय करते थे मले करून दाखवा म्हणा.”

भाचा आरमोरीच्या बाजारातून मरळ घेऊन आला. वाटाणे आदल्या रात्री सोडा घालून भिजवले होते. इंग्लंडात माशाच्या पिठात बिअर घालतात, कारण तिच्यातल्या बुडबुड्यांनी तळताना पीठ फुलते आणि कुरकुरीत होते. या घरात ते शक्यच नव्हते. त्याने सोडावॉटरची बाटली आणली. बुडबुड्यांना काय, ते बिअरचे असोत की सोड्याचे. बटाट्याचे काप त्याने दोनदा तळले, आधी मंद आचेवर आणि मग कडक तेलात. चुलीच्या जाळावर हे सांभाळताना त्याची तारांबळ उडाली. तिकडे तेल किती तापले ते काटा सांगतो, इथे ते ताईने सांगितले. वाटाणे मात्र त्याने आमच्या घरच्या घोटणीने घोटले, अगदी वरण घोटावे तसे.

ताईने पहिला घास खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती म्हणाली, “तिखटच नाही याच्यात.” आणि लसणाची चटणी घेऊन आली. मग तिने पूर्ण मासा खाल्ला.

जेवता जेवता भाच्याने एका म्हातारीची हकीकत सांगितली. ही बाई दर दुपारी पबातल्या त्याच टेबलावर येऊन बसे आणि कॉटेज पाय मागे. तिच्या गावातला पब बंद पडला होता. नवरा होता तेव्हा दोघे दर शनिवारी तिथे जेवत. एकदा तिने निरोप पाठवून आचाऱ्याला बाहेर बोलावले. भाचा घाबरतच गेला. ती म्हणाली, बटाट्याचा वरचा थर काट्याने रेघा ओढून करपवतोस ना, तसाच करीत जा, आमच्याकडे तसाच असे.

ताईने विचारले, “पित होती का थे?”

“चहा,” भाचा म्हणाला. “दोन महिने पाहिलं मी. चहाच.”

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने जे विचारले ते मी अजून मनात घोळवतो आहे. “अन्‌ आपल्या इथलं काय येते तुले करता?”

भाच्याने आठवून पाहिले. वास्त्यांची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, झिंग्यांची चटणी, कुड्याच्या फुलांची भाजी, मोहफुलांचे लाडू. खाल्लेले सगळे, करता येत होते त्यातले एकही नाही. यॉर्कशायरच्या म्हातारीला तिच्या गावची चव जशीच्या तशी देणारा हा पोरगा वैनगंगेच्या काठची चव कोणालाच देऊ शकत नव्हता. दोष त्याचा नाही. नागपूरच्या शिक्षणात ती नव्हती आणि मी शाळेत शिकवली त्या पुस्तकांतही नव्हती. उरलेल्या सुटीत ताईने त्याला रोज एक पदार्थ करायला बसवले. वास्ते पावसाळ्यातले, तेव्हा ते तोंडीच सांगितले. तो वहीत मापे लिहायचा, आणि ताई म्हणायची, “माप कायचं लिहितं, वास घे.”

एक गोष्ट मला त्या दिवसांत लख्ख दिसली आणि ती सांगण्यासाठीच हा लेख. आम्ही गावातली भट्टी बंद केली, ते योग्यच केले. ताईच्या घराकडे पाहून दुसरे काही म्हणायची माझी छाती नाही. पण भट्टीवर माणसे केवळ दारूसाठी जात नव्हती. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेल्या गड्याला संध्याकाळी चार माणसांत बसायचे असते. भामरागडकडच्या माडियांजवळ गोटुल आहे, सगळ्या गावाने जमायची जागा आहे. आमच्या गावात पारावरचा चौथरा आहे, पण पावसाळ्याचे चार महिने तिथे बसवत नाही. आम्ही पेला काढून घेतला आणि ताट वाढायचे राहून गेले. चोरून येणाऱ्या दारूला गिऱ्हाईक मिळते त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण रिकामी संध्याकाळ हे त्यातले एक आहे असे मला वाटते.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी बचत गटाची बैठक होती. मी ओसरीवर होतो, आतले ऐकू येत होते. ताईने स्वतःच विषय काढला. “माहा पोरगा जहाजावर पबात सैपाक करते. दारूच्या दुकानातच समजा. हाटेल म्हणून सांगत होतो, थे अर्धं होतं.”

क्षणभर सगळे चिडीचूप. मग एक म्हातारी म्हणाली, “मंग तो दारू वाढते का वो?”

“नाही,” ताई म्हणाली. “तो वाटाणे घोटते.”

बायका हसल्या. ताईही हसली. मग तिने पुढचा मुद्दा काढला. समाजमंदिराची एक खोली रिकामी पडून असते. संध्याकाळी तिथे चहा आणि एक गरम पदार्थ ठेवला तर चालेल का, आणि लाकडाचा खर्च कोण करील, यावर अंधार पडेपर्यंत वाद चालला होता.