जवस खाल्लं म्हणून मासे नकोत?

‘रोज जवसाची चटणी खा, मग माशांची गरज नाही,’ हा सल्ला वऱ्हाडात हमखास मिळतो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, हे खरंच आहे. पण मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पेशींना हवं असतं ते डीएचए, आणि ते जवसात मुळीच नसतं. ते घडवायचं काम मुख्यतः यकृताचं.

जवसातल्या आम्लाची साखळी 18 कार्बनची, डीएचएची 22 ची. यकृतातली विकरं त्या साखळीत एक दुहेरी बंध घालतात, दोन कार्बन जोडतात, पुन्हा बंध, पुन्हा कार्बन. साखळी 24 पर्यंत वाढते आणि शेवटी पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात तिचे दोन कार्बन छाटले जातात. एवढ्या लांबच्या वाटेवर फार थोडं आम्ल टिकतं. बरंचसं शरीर इंधन म्हणून जाळून टाकतं. प्रौढ पुरुषांत डीएचएपर्यंत पोचणारा वाटा बहुधा 1 टक्क्याच्याही आतला. तरुण स्त्रियांत तो जास्त असतो, त्यात इस्ट्रोजेनचा हात मानला जातो.

‘सोयाबीन, सरकी, करडई, सगळी तेलं सारखीच’ हेही खरं नाही. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश, तर सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-6. माणसाचं यकृत ओमेगा-6 चं ओमेगा-3 करूच शकत नाही. उलट दोघांनाही तीच विकरं लागतात, त्यामुळे फोडणीत अशा तेलाची धार सढळ असली की जवसाच्या वाट्याला आणखी कमी येतं.

म्हणून जवस सोडायचं का? अजिबात नाही. अख्खे दाणे मात्र बरेचसे न पचताच बाहेर पडतात. तव्यावर तडतडेपर्यंत भाजून, लसूण-तिखट-मिठासोबत खलबत्त्यात कुटण्याची आपली रीतच योग्य.

आता माशांकडे येऊ. मेळघाटातल्या सेमाडोहला सिपना नदी आहे. नदीतले लहान मासे समुद्री माशांएवढे समृद्ध नसले तरी त्यांच्यात तयार डीएचए असतं, यकृताला खटपट करावी लागत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूत ते झपाट्याने साठतं, पुढे आईच्या दुधातूनही जातं. मेळघाटातल्या मांसाहारी घरात दिवस गेलेल्या बाईच्या ताटात कधीमधी मासा पडत असेल, तर जवसाच्या भरवशावर तो काढून घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. मासे न खाणाऱ्यांसाठी शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं. समुद्री माशांच्या अंगातही ते मुख्यतः शेवाळातूनच येतं.